लोखंडाची वडी

तुमच्या आजीला किंवा पणजीला एक प्रश्न विचारून पाहा. घरात कोळशाची शेगडी होती तेव्हा पोत्याच्या तळाशी उरणाऱ्या चुऱ्याचे काय करीत? बहुतेक उत्तर मिळेल, 'गोळे करीत असू.' त्या काळ्या चुऱ्यात थोडे शेण, थोडी माती आणि पाणी घालून तो कालवायचा, मुठीत दाबून गोळे वळायचे आणि अंगणात उन्हात वाळवायचे. वाळलेले गोळे शेगडीत छान पेटत.

आता आजीला दुसरा प्रश्न विचारा. एवढा खटाटोप कशाला? चुरा तसाच शेगडीत का ओतत नव्हता? आजी हसेल. कारण चुरा ओतला की पेटलेली शेगडीसुद्धा विझते. कोळसा तोच, पण चुऱ्यातून हवेला जायला वाटच नसते. गोळ्यांचे तसे नाही. दोन गोळ्यांमध्ये फट राहते आणि खालच्या जाळीतून येणारी हवा त्या फटींतून वर चढते.

जगातल्या पोलाद कारखान्यांपुढे गेली शंभराहून अधिक वर्षे नेमका हाच प्रश्न उभा आहे. फक्त त्यांची शेगडी तीस मीटर उंच असते, आणि चुरा कोळशाचा नसून लोखंडाच्या खनिजाचा असतो.

झोतभट्टीचे चित्र तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेच. वरून खनिज, कोक आणि चुनखडी टाकतात. खालून हजार अंशांहून अधिक तापवलेल्या हवेचा झोत सोडतात. वरचा माल सावकाश खाली सरकतो, त्याला सहा ते आठ तास लागतात. खालचा वायू मात्र काही सेकंदांतच भट्टीतून वर निघून जातो. तेवढ्या वेळात त्याने खनिजाच्या प्रत्येक खड्याला स्पर्श करून त्यातला ऑक्सिजन काढून घ्यायचा असतो. म्हणजे भट्टी चालते ती खड्यांमधल्या फटींच्या जोरावर. भुकटी पडली की फटी बुजतात. वायू एखादी मोकळी वाट शोधून तेवढ्यातूनच वर जातो आणि बाकीचा माल कच्चा राहतो. जी भुकटी फटींत अडकत नाही ती वायूबरोबर धुराड्याकडे उडून जाते.

आणि भुकटी तर पदोपदी तयार होते. खाणीत सुरुंग उडवला की होते, खनिज फोडले की होते, आगगाडीत भरले की होते, उतरवले की पुन्हा होते. काही ठिकाणी तर निसर्गानेच खनिज भुसभुशीत दिलेले असते. गोव्याचे लोह खनिज असेच. मांडवी आणि जुवारीच्या पात्रांतून बार्जेस भरभरून मुरगावच्या बंदरात आणि तेथून जपानला जो माल वर्षानुवर्षे गेला त्यात भुकटीचा वाटा मोठा होता. जपानी कारखाने ती भुकटी कोकच्या चुऱ्यात मिसळून जाळीच्या पट्ट्यावर भाजत आणि तिची भाकरीसारखी सच्छिद्र ढेकळे करीत. याला सिंटर म्हणतात. दुसरा मार्ग पेलेटचा. अगदी बारीक दळलेले खनिज ओले करून फिरत्या परातीत घोळवायचे आणि रव्याच्या लाडवाहून लहान गोळ्या वळून त्या बाराशे-तेराशे अंशांवर भाजायच्या. दोन्ही मार्ग उत्तम आहेत आणि जगातल्या बहुतेक झोतभट्ट्या त्यांवरच चालतात. पण दोन्हींत भाजणे आले, म्हणजे इंधन आले, आणि कारखानाही अवाढव्य लागतो.

तिसरा मार्ग आजीचा. दाबून वडी करायची. हिला कारखान्यात ब्रिकेट म्हणतात. हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ 'लहान वीट' असा आहे. आपण तिला वडीच म्हणू.

वडीचे यंत्र समजायला सोपे आहे. उसाच्या रसाचा चरक डोळ्यांपुढे आणा. दोन जाड लोखंडी लाटा एकमेकींना चिकटून उलटसुलट दिशांनी फिरत आहेत. आता या लाटा गुळगुळीत नाहीत, त्यांच्या अंगावर आप्पेपात्रासारखे खळगे कोरलेले आहेत, असे समजा. एका लाटेवरचा खळगा आणि दुसरीवरचा खळगा बरोबर समोरासमोर येतात. वरून मळलेली भुकटी पडते, ती लाटांच्या चिमटीत ओढली जाते, दोन खळग्यांत सापडून जबर दाबली जाते आणि खालून उशीच्या आकाराची वडी पडते. थांबायचे काम नाही. लाटा फिरत राहतात, वड्या पडत राहतात.

आजीने शेण घातले तसे कारखान्यालाही काही चिकट घालावे लागते. त्याला बंधक म्हणतात. ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यात आपल्या देशाचे बहुतेक सारे क्रोमाइट खनिज सापडते. स्टेनलेस पोलादाला लागणारे क्रोमियम त्यातूनच मिळते. हे खनिजही पुष्कळसे भुसभुशीत असते. त्याच्या वड्या करताना बंधक म्हणून काय घालतात, ठाऊक आहे? साखर कारखान्यातली मळी आणि विझवलेला चुना! मळीतली साखर आणि चुना यांची रासायनिक गाठ पडते आणि वडी काही तासांत घट्ट होते. त्या वड्या मग विजेच्या भट्टीत जातात आणि फेरोक्रोम तयार होते. तुमच्या घरातल्या स्टीलच्या ताटामागे कुठेतरी उसाचाही हात असू शकतो, तो असा.

पण बंधक निवडणे वाटते तितके सोपे नाही. तो स्वस्त हवा, कारण वड्या किलोने नव्हे, लाखो टनांनी करायच्या असतात. त्यातून गंधक किंवा फॉस्फरस यायला नको, कारण हे दोन्ही पोलादाला ठिसूळ करतात. आणि सर्वांत अवघड अट अशी, की वडी अंगणात टणक राहून भागत नाही, ती भट्टीतही टिकली पाहिजे. मळी तापली की जळून जाते. सिमेंट घातले तर काही शे अंशांवर त्यातले पाणी निघून जाते आणि वडी भुरभुरू लागते. भट्टीच्या मध्यावर वडीची पुन्हा भुकटी झाली, तर केलेला सारा खटाटोप पाण्यात! झोतभट्टीत थंड दाबाच्या वड्यांना बरीच वर्षे दुय्यम मान मिळाला, त्याचे मोठे कारण हेच.

तरीही वड्यांवाचून चालत नाही, कारण कारखान्याचा स्वतःचाच कचरा. लालभडक पोलादी पत्रा लाटताना त्यावरून ऑक्साइडचे पापुद्रे सुटतात. त्यांत शेकडा सत्तरच्या आसपास लोखंडच असते. धुराड्याच्या गाळण्यांत धूळ साठते, तीही लोहयुक्त. हे सारे फेकून द्यायचे म्हणजे घरातले धान्य उकिरड्यावर टाकण्यासारखे. म्हणून त्याच्या वड्या करून त्या पुन्हा भट्टीत टाकतात. मात्र येथेही एक मेख आहे. भंगारात जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा असला तर धुळीत जस्त येते. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळते. भट्टीच्या खालच्या भागात त्याची वाफ होते, ती वर जाते, थंड होऊन भिंतींवर चिकटते, तेथून मालाबरोबर पुन्हा खाली येते आणि पुन्हा वर जाते. भट्टीच्या भिंतीवर अशी पुटे चढत राहतात. त्यामुळे कोणती धूळ किती घालायची याचा हिशेब रसायनतज्ज्ञाला डोळ्यांत तेल घालून ठेवावा लागतो.

आतापर्यंत आपण खनिजाच्या वड्या पाहिल्या. आता खुद्द लोखंडाच्या वडीकडे वळू. या लेखाचा खरा विषय तीच आहे, आणि तिच्या गोष्टीत माणसांचे जीवही गेले आहेत.

लोखंड काढायला खनिज वितळवलेच पाहिजे असे नाही. नैसर्गिक वायूपासून मिळवलेला हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड आठशे-नऊशे अंशांवर खनिजाच्या गोळ्यांमधून सोडला, तर गोळी न वितळता तिच्यातला ऑक्सिजन निघून जातो. समीकरण तुमच्या ओळखीचे आहे :

Fe₂O₃ + 3H₂ → 2Fe + 3H₂O

अणुभार घालून पाहा. 160 ग्रॅम ऑक्साइडातून 48 ग्रॅम ऑक्सिजन जातो आणि 112 ग्रॅम लोखंड उरते. म्हणजे गोळीचे वजन शेकडा 30 ने घटते. पण गोळीचा आकार मात्र जवळजवळ तेवढाच राहतो! मग निघून गेलेल्या ऑक्सिजनच्या जागी काय उरले? भोके. असंख्य, सूक्ष्म, एकमेकांना जोडलेली भोके. म्हणूनच या लोखंडाला स्पंज लोखंड म्हणतात.

भोके म्हणजे पृष्ठभाग. हे नीट समजण्यासाठी एक छोटे गणित करू. 1 सेंटिमीटर बाजूचा लोखंडाचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ 6 चौरस सेंटिमीटर. त्याचे 1 मिलिमीटर बाजूचे हजार घन केले तर एकूण पृष्ठफळ 60 चौरस सेंटिमीटर होते. आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या बाजूचे केले तर? घन होतील शंभर कोटी आणि पृष्ठफळ 6,000 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 60 सेंटिमीटर रुंद आणि एक मीटर लांब पंचाएवढे. लोखंड तेवढेच, पण हवेला भिडणारा भाग हजारपट.

लोखंड गंजते तेव्हा उष्णता बाहेर पडते. खिळा गंजतानाही पडते, पण इतकी हळू की हाताला जाणवत नाही. स्पंज लोखंडाच्या हजारो टनांच्या ढिगात मात्र ती आतल्या आत कोंडते. ढीग तापतो, तापला की गंजण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की आणखी तापतो. त्यात पाणी शिरले, आणि तेही समुद्राचे खारे पाणी असले, तर आणखी एक संकट. लोखंड पाण्यातला ऑक्सिजन घेते आणि हायड्रोजन मोकळा सोडते. हवेत हायड्रोजनचे प्रमाण शेकडा 4 झाले की ठिणगीला तेवढे पुरते.

2003 साली 'अदमान्दास' नावाचे जहाज सुमारे 21,000 टन स्पंज लोखंड घेऊन त्रिनिदादहून इंडोनेशियाकडे निघाले होते. हिंदी महासागरात रियुनियन बेटाजवळ पोचेपर्यंत त्यातला माल तापू लागला होता. बंदरात घ्यावे तर स्फोटाची भीती. खलाशांना उतरवून घेण्यात आले आणि सप्टेंबर महिन्यात फ्रेंच नौदलाने सुरुंग लावून ते जहाज मालासकट खोल समुद्रात बुडवले. लोखंडाने भरलेले जहाज आग लागेल म्हणून बुडवावे लागले, हे वाचून कोणालाही नवल वाटेल. पण तुम्हांला आता वाटू नये.

यावरचा उपाय तोवर निघालेला होता, तो म्हणजे वडी. पण ही वडी आजीच्या पद्धतीची नाही. हिच्यात बंधक नसतो, आणि ती थंड करून नव्हे, तर गरम असतानाच दाबतात. भट्टीच्या तळातून सुमारे 700 अंशांवर निघालेले स्पंज लोखंड हवेचा वाराही लागू न देता थेट त्या खळग्यांच्या लाटांमध्ये ढकलले जाते. एवढ्या उष्णतेला लोखंड मऊ होते. दाब पडताच भोके चेपली जातात आणि लोखंडाला लोखंड भिडते. बंधक का लागत नाही, हे गावच्या लोहाराला विचारा. दोन लोखंडी तुकडे लालबुंद करून तो ऐरणीवर ठोकतो आणि ते एकजीव होतात. मात्र मध्ये गंज असता कामा नये. येथे तर सारा ऑक्सिजन नुकताच काढून टाकलेला आहे, त्यामुळे पृष्ठभाग अगदी कोरा, ताजा आहे. लाटांखालून वड्यांची एक सलग माळ बाहेर येते, ती तोडून वड्या सुट्या करतात आणि मग थंड करतात. एक वडी साबणाच्या मोठ्या वडीएवढी दिसते, पण उचलली की अर्धा किलोहून जास्त भरते.

दाबण्याने किती फरक पडतो? स्पंज लोखंडाच्या गोळीची घनता दर घन सेंटिमीटरला साडेतीन ग्रॅमच्या आसपास असते, या वडीची पाचाहून अधिक. भरीव लोखंडाची 7.87. म्हणजे वडीतही काही भोके राहतातच, पण ती बहुतेक एकमेकींपासून तुटलेली, कोंडलेली असतात. हवापाण्याला आत शिरायला वाट नसते. वड्या तयार करणाऱ्यांचा दावा असा, की साध्या स्पंज लोखंडाच्या मानाने ती पुन्हा गंजण्याला शंभरपट दाद देत नाही. पोलाद करणाऱ्यालाही ती सोयीची. विजेच्या भट्टीत टाकली की मळीच्या हलक्या थरातून बुडून खाली रसापर्यंत पोचते (ही मळी साखरेची नव्हे, धातूवर तरंगणारी). शिवाय भंगारातून येणारे तांबे आणि कथील पोलादातून काढता येत नाहीत. खनिजापासून आलेल्या वडीत ते जवळजवळ नसतातच, म्हणून भंगाराबरोबर वड्या मिसळून पोलादाची जात सांभाळता येते.

व्हेनेझुएला देशात ओरिनोको नदीकाठी 1976 साली अशा वड्यांचा कारखाना सुरू झाला. तेथे तर खनिजाची भुकटीच वायूच्या झोतावर उकळत्या दुधासारखी खळखळत ठेवून तिचे लोखंड करीत. भुकटीचे लोखंडही भुकटीच असणार! ते वडी केल्यावाचून कारखान्याच्या दाराबाहेर नेणेच अशक्य होते. मलेशियातल्या लाबुआन बेटावर 1984 साली आणि आपल्याकडे सुरतजवळ हजिऱ्याला 1990 साली वड्या होऊ लागल्या. महाराष्ट्रातही रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे साळाव येथे, 1993 साली असा कारखाना निघाला. शाळेच्या सहलीत तुम्ही साळावचे बिर्ला मंदिर पाहिले असेल, तर त्याच्या शेजारचा उंच सांगाडाही पाहिला असेल. वायूने खनिज क्षपण करण्याची तेथली पद्धत मेक्सिकोतली आहे.

म्हणजे वडीने प्रश्न सुटला, असे तुम्ही म्हणाल. पण वडीलाही कडा असतात. वड्या पट्ट्यावरून पडतात, जहाजात ओतल्या जातात, एकमेकींवर आदळतात आणि त्यांचे तुकडे पडतात. तळाशी चुरा साठतो. या चुऱ्याला वडीचा एकही गुण उरलेला नसतो. तो पुन्हा हवेला भिडणारे उघडे लोखंडच असतो. असला चुराही फुकट जाऊ नये म्हणून विकला जातो.

28 फेब्रुवारी 2004 रोजी 'यिथान' नावाचे जहाज व्हेनेझुएलातून चीनकडे निघाले होते. मालाच्या नावात वड्यांचा उल्लेख होता, पण जहाजात होता तो वड्यांचा चुरा, आणि तो ओलसर होता. बंद कोठारांत हायड्रोजन साठत गेला. कोलंबियाच्या किनाऱ्याजवळ स्फोट झाले आणि जहाज बुडाले. कप्तान आणि पाच खलाशी मृत्युमुखी पडले.

त्यानंतर समुद्रमार्गे न्यायच्या सुट्या मालाचे आंतरराष्ट्रीय नियम अधिक कडक झाले; 1 जानेवारी 2011 पासून ते सर्वांना बंधनकारक आहेत. 2011 साली त्यांत या लोखंडाचे तीन वेगळे वर्ग होते. पहिला गरम दाबलेल्या वड्यांचा. त्यांची घनता दर घनमीटरला 5,000 किलोग्रॅमहून अधिक हवी, त्या निदान 650 अंशांवर दाबलेल्या हव्यात, त्यांत चुरा शेकडा 5 हून जास्त नको आणि जहाजात भरताना माल 65 अंशांहून गरम नको. दुसरा वर्ग गोळ्यांचा आणि थंड दाबलेल्या वड्यांचा, तिसरा चुऱ्याचा. या दोन्हींना नायट्रोजनसारख्या निष्क्रिय वायूखालीच प्रवास करावा लागतो, आणि कोठारातला हायड्रोजन वाटेत सतत मोजत राहावा लागतो. एकाच लोखंडाला केवळ घडणीमुळे वेगवेगळे कायदे!

स्वीडनमध्ये 2021 साली नैसर्गिक वायूऐवजी निव्वळ हायड्रोजन वापरून स्पंज लोखंड करून दाखवण्यात आले. समीकरणाकडे पुन्हा पाहा : बाहेर पडते ते फक्त पाणी, कार्बन डायऑक्साइड नाही. त्यामुळे जेथे वीज आणि खनिज मुबलक आहे तेथे लोखंड करायचे आणि जहाजाने दूरच्या पोलाद कारखान्यांना पाठवायचे, असे बेत अनेक देश करीत आहेत. ते लोखंड प्रवास करणार ते बहुधा वडी होऊनच.

करून पाहा

पृष्ठभागाचा खेळ तुम्हांला शाळेच्या प्रयोगशाळेत पाहता येईल. हार्डवेअरच्या दुकानात लाकूड घासण्यासाठी लोखंडी लोकर मिळते. ती साधी लोखंडी हवी, स्टेनलेस नको. तिचे सारख्या वजनाचे दोन तुकडे घ्या आणि तेलकटपणा जाण्यासाठी दोन्ही काही मिनिटे व्हिनेगरमध्ये बुडवून पिळून काढा. एक तुकडा पिंजून मोकळा करा आणि परीक्षानळीच्या तळाशी बसवा. दुसरा पकडीने शक्य तितका घट्ट दाबून त्याची गोळी करा आणि ती दुसऱ्या नळीच्या तळाशी, पडणार नाही अशी बसवा. दोन्ही नळ्या पाण्याच्या पसरट भांड्यात उपड्या उभ्या करा. लोखंड नळीतला ऑक्सिजन घेऊ लागले की पाणी वर चढू लागेल. पण नळीच्या पाचव्या हिश्श्याच्या फारसे वर ते जाणार नाही. का, ते शिक्षकांना विचारण्याआधी हवेच्या घटकांचा तक्ता पाहा. या नळ्यांजवळ ज्योत आणू नका. दर दहा मिनिटांनी दोन्ही नळ्यांतले पाणी किती चढले ते पट्टीने मोजा आणि एकाच कागदावर दोन आलेख काढा.